दारू-ड्रग्ज सोडवायला जवळपासचं चांगलं केंद्र कसं शोधायचं

रात्री दीड-दोनला फोन हातात घेऊन "जवळचं व्यसनमुक्ती केंद्र" असं टाइप केलं की वरचे तीन-चार रिझल्ट जाहिरातींचे येतात, त्यातल्या एकाला फोन लावला की पलीकडचा माणूस पेशंटचं वय विचारायच्या आधी पत्ता विचारतो आणि म्हणतो काळजी करू नका, आत्ता गाडी पाठवतो. मामाच्या वेळी मी हेच केलेलं. २१ दिवस मामा आत, बाहेर आला तेव्हा चेहरा टवटवीत, सगळे खूश, आणि अकराव्या दिवशी परत बाटली. त्या केंद्रातून नंतर एक फोन नाही की मेसेज नाही, आणि आत त्याला नक्की कोणता डॉक्टर बघत होता हे आजही आम्हाला कुणाला सांगता येत नाही.

दुसऱ्या वेळी शहाणपणा आला. ॲडमिट करायला जागा कुठेही मिळते, ती चार तास लांब असली तरी एकवेळ चालेल, पण बाहेर आल्यावर पुढचे सहा-आठ महिने दर आठवड्याला जिथे जायचंय ती जागा मात्र जवळ पाहिजे. शोध त्या टोकापासून सुरू करायचा.

त्याआधी एक, दारू एकदम तोडू नका

घरची माणसं सगळ्यात मोठी चूक इथेच करतात. चिडून एक दिवस सगळ्या बाटल्या बेसिनमध्ये ओततात, माणसाला खोलीत बसवतात, आता बघू कसा पितो. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अशी झटक्यात बंद झाली की शेवटच्या पेगनंतर ६ ते १२ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते, ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि साधारण ४८ ते ९६ तासांच्या मध्ये काहींना डिलिरियम ट्रेमेन्स होतो, म्हणजे माणूस पार भ्रमात जातो, नसलेलं दिसतं, घरच्यांना ओळखत नाही, अंग तापतं. यात जीव जाऊ शकतो, त्यामुळे असं काही दिसलं तर केंद्र वगैरे शोधत बसू नका, सरळ हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या. डायझेपाम, अल्प्राझोलाम असल्या झोपेच्या-अँग्झायटीच्या गोळ्यांचं व्यसनही असंच, एकदम थांबवणं धोक्याचं. गर्द, हेरॉइन यांचा विथड्रॉवल, म्हणजे सोडल्यावर होणारा त्रास, बघवत नाही इतका त्रासाचा असतो, अंगदुखी, उलट्या, जुलाब, पण त्याने सहसा जीव जात नाही, फक्त अंगातलं पाणी कमी होऊ द्यायचं नाही.

मामाला सकाळी पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरावा लागायचा, तरी अर्धं पाणी बनियनवर, आणि पहिला पेग पोटात गेला की थोड्या वेळात तेच हात शर्टाची बटणं बरोब्बर लावायचे. असं तुमच्या घरी दिसत असेल तर डिटॉक्स, म्हणजे अंगातली दारू उतरवणं, हा डॉक्टरच्या नजरेखालीच व्हायला पाहिजे, घरगुती उपाय बंद.

फोन करायच्या आधी एक पान लिहा

मामीने जुन्या वहीचं मागचं पान फाडलं आणि लिहून काढलं. काय घेतो, दिवसाला किती, किती वर्षं, शेवटचं कधी घेतलं, आधी कधी सोडायचा प्रयत्न केला तेव्हा काय झालं, फिट आलेली का, लिव्हर-शुगर-बीपीचं काही आहे का, बाकी गोळ्या कुठल्या चालू आहेत. आणि शेवटी, पेन थांबवून थांबवून, तिने लिहिलं की दोनदा मरायची भाषा केली. हे शेवटचं लिहायला जड जातं पण डॉक्टरला तेच आधी कळायला हवं, कारण व्यसनाच्या जोडीने डिप्रेशन असेल तर दोन्हीची ट्रीटमेंट एकत्र चालावी लागते, आणि कुठलं केंद्र चालेल ते त्यावर ठरतं.

प्रकरण कितपत वाढलंय याचा अंदाज यायला ऑडिट नावाची प्रश्नावली आहे, जागतिक आरोग्य संघटनेने बनवलेली, १० प्रश्न, जास्तीत जास्त ४० मार्क. ८ किंवा वर आले तर पिणं धोक्याच्या बाजूला गेलंय, २० किंवा वर असतील तर दारूवर अवलंबून असायची शक्यता बरीच, डॉक्टरला दाखवाच. पिणाऱ्याने स्वतः भरली तर उत्तम, कारण आपण बोललो की भांडण होतं आणि कागदाशी कोण भांडणार.

नावं कुठून काढायची

गूगल शेवटी. आधी फॅमिली डॉक्टर, आणि लाज वाटत असेल तर पेशंटला न नेता एकटे जा. मग जवळचं सरकारी हॉस्पिटल किंवा मेडिकल कॉलेज, तिथल्या मानसोपचार विभागात व्यसनासाठी वेगळी ओपीडी असते का ते विचारायचं, ती असेल तर निम्मं काम झालं. मग सरकारच्या आरोग्य खात्याची किंवा समाजकल्याण खात्याची मान्यताप्राप्त केंद्रांची यादी, आणि व्यसनासाठीची सरकारी हेल्पलाइन असेल तर ती. इन्शुरन्स असेल तर कंपनीला फोन करून विचारा की व्यसनाची ट्रीटमेंट कव्हर होते का आणि कुठल्या ठिकाणी, हे आधी, नंतर नाही.

पण सगळ्यात खरी माहिती मिळते ती अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगला. ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत अॅक्रनला सुरू झाली, बिल विल्सन आणि डॉक्टर बॉब स्मिथ या दोन पिणाऱ्यांनीच केली, आता जगभर ग्रुप आहेत, फी नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. त्यांच्या काही मीटिंग ओपन असतात, म्हणजे न पिणाराही जाऊन बसू शकतो. तिथे दहा-बारा वर्षं न प्यायलेली माणसं बसलेली असतात, त्यातली कितीतरी आजूबाजूच्या सगळ्या केंद्रांत राहून आलेली, कुठे मारतात, कुठे नुसतं झोपवून ठेवतात, कुठला डॉक्टर खरंच ऐकून घेतो, हे ती पाच मिनिटांत सांगतात. ड्रग्जसाठी नार्कोटिक्स ॲनॉनिमस, १९५३ पासूनचं. आणि घरच्यांसाठी अल-अनॉन, १९५१ पासूनचं. मामी तिथे मामाच्या आधी जायला लागली, तो पीत असतानाच, आणि माझं मत विचाराल तर खरी सुरुवात तिथून झाली.

फोनवर काय विचारायचं

तीन-चार नावं हातात आली की दिवसा, शांतपणे फोन करा. लिहिलेलं पान समोर ठेवा. मी हे विचारायचो:

- मानसोपचारतज्ज्ञ रोज असतात की आठवड्यातून एकदा येतात? रात्री फिट आली तर कोण बघतं?
- दाखल करायच्या आधी तपासणी होते का, लिव्हरच्या टेस्ट वगैरे?
- तुमचं लायसन्स कुणाचं आहे, नंबर सांगाल का?
- घरच्यांना भेटता येतं का, फोनवर बोलता येतं का?
- घरच्यांचं काउन्सेलिंग होतं का?
- डिस्चार्जनंतर काय?

शेवटच्या प्रश्नाला पलीकडचा माणूस अडखळला की मी तिथेच नाव खोडायचो. एकाने मला सांगितलं, "नंतर काय, नंतर बराच होतो की." ठेवला फोन. खर्चाचं विचाराल तेव्हा औषधं, टेस्ट, काउन्सेलिंग पॅकेजमध्ये आहे की वेगळं ते धरूनच विचारा आणि लेखी मागा. "शंभर टक्के गॅरंटी" म्हणणाऱ्याला तर थँक्यूसुद्धा म्हणायची गरज नाही. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन ड्रग अब्यूजचा आकडा आहे की ट्रीटमेंट घेतलेल्यांपैकी ४० ते ६० टक्के लोक कधी ना कधी परत घसरतात, बीपी-दम्याच्या पेशंटचंही औषधपाणी सुटून तसंच होतं, मग गॅरंटी हा कुठून आणतो?

अजून एक जात आहे जाहिरातींची, "पेशंटला न सांगता दारू सोडवा", जेवणात पावडर मिसळा. हे अजिबात करू नका. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे, ते घेतल्यावर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी पडतं, म्हणजे माहीत असून घेणाऱ्याला ते धाकासारखं उपयोगी पडतं आणि न सांगता दिलं तर त्याचा जीव धोक्यात जातो. डॉक्टरसुद्धा ते पेशंटच्या संमतीशिवाय देत नाहीत.

ॲडमिट की ओपीडी

सगळ्यांना वाटतं व्यसन म्हणजे ॲडमिटच. तसं नाही. विथड्रॉवल हलका असेल, घरी लक्ष ठेवायला कुणी असेल, आधी फिट आलेली नसेल तर कित्येकांचं ओपीडीवर, कामधंदा सांभाळून होतं. फिटचा इतिहास, आत्महत्येचे विचार, घरातच दुसरं कुणी पिणारं, बाहेरून केलेले प्रयत्न फसलेले, असं असेल तर ॲडमिट बरं. डिटॉक्स म्हणजे फक्त पहिले पाच-दहा दिवस, त्यात शरीर साफ होतं, डोकं नाही, तलफ तिथेच असते. ९० दिवसांपेक्षा कमी चाललेल्या ट्रीटमेंटचा फायदा मर्यादित राहतो असं त्याच अमेरिकन संस्थेचं म्हणणं आहे, आणि हे ९० दिवस सगळे आत काढायचे असं नाही, आत आणि बाहेर मिळून.

औषधांबद्दलही विचारा. दारूची तलफ कमी करायला नाल्ट्रेक्झोन, अकाम्प्रोसेट आहेत. गर्द-हेरॉइनला मेथाडोन आणि बुप्रेनॉर्फिन, ही दोन्ही २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, तरी काही केंद्रवाले सांगतात की ते म्हणजे एक व्यसन सोडून दुसरं. ओपिऑइडच्या, म्हणजे गर्द-हेरॉइनसारख्या अफूच्या जातीतल्या ड्रग्जच्या, पेशंटला हे औषध द्यायलाच नकार देणारं केंद्र मी तरी निवडणार नाही. एक सांगतोच, गर्द सोडून महिना-दोन महिने झालेला माणूस परत जुन्याच मापाने घ्यायला गेला तर तो मरू शकतो, कारण शरीराची सवय उतरलेली असते. त्यामुळे डिस्चार्जच्या वेळी नालॉक्सोनबद्दल विचारा, ओव्हरडोस उलटवणारं औषध आहे, नाकात मारायचा स्प्रेसुद्धा मिळतो, घरात कुणाला तरी ते वापरता यायला हवं.

जाऊन बघा

पेशंटला न नेता. ऑफिसात बसवून माहितीपत्रक देतील, ते घ्या आणि मग म्हणा वॉर्ड दाखवा. खिडक्या, संडास, पलंगांमधलं अंतर बघा, पण त्याहून जास्त तिथल्या लोकांचे डोळे बघा. मी ज्या केंद्रात शेवटी हो म्हणालो तिथे एक पेशंट काउन्सेलरशी हुज्जत घालत होता, आवाज चढवून, आणि काउन्सेलर खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसून ऐकत होता. आधीच्या एका ठिकाणी सगळे रांगेत गप्प बसलेले, मान खाली. शिस्त छान आहे असं मला सांगण्यात आलं.

तो तयारच नसेल तर

बहुतेक वेळा नसतोच. पिलेल्या माणसाशी या विषयावर बोलू नका, वाया जातं. सकाळी, उतरलेली असताना, एकच गोष्ट: "परवा अकराला अपॉइंटमेंट आहे, मी येतो बरोबर, नुसतं तपासून येऊ." अपॉइंटमेंट आधीच घेतलेली पाहिजे, कारण हो म्हणायची वेळ पंधरा मिनिटं टिकते आणि तेवढ्यात फोन शोधत बसलात तर गेली. मामा व्यसनासाठी कधीच आला नसता, तो पोट दुखतं म्हणून आला, डॉक्टरने लिव्हरचा रिपोर्ट समोर ठेवला आणि विचारलं, तुम्हाला स्वतःला काय वाटतं? मामा बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला कमी करायला पाहिजे. सोडायला नाही, कमी करायला. डॉक्टर म्हणाले चालेल, तिथून सुरू करू. जबरदस्तीने उचलून नेणाऱ्यांना बोलवायच्या आधी असे दोन-चार प्रयत्न करा, आणि त्याच्या मनाविरुद्ध ॲडमिट करायचंच असेल तर कायदा काय म्हणतो ते डॉक्टरला विचारूनच.

डिस्चार्जच्या दिवशी

पुढची तारीख कार्डावर लिहून घेतल्याशिवाय बाहेर पडू नका, आणि ती आठवड्याच्या आतली पाहिजे. गोळ्या कोण देणार, मीटिंग कुठल्या वारी, तलफ आली तर रात्री फोन कुणाला, हे त्याच्याच समोर त्याच्याच हाताने लिहून घ्या. घरातली बाटली, खिशातलं लायटर, जुन्या पुरवठा करणाऱ्याचा नंबर, सगळं तो यायच्या आधी काढून टाका.

मामा मधे एकदा घसरला, चौथ्या महिन्यात, एका लग्नात. मामीने भांडण केलं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी कार्ड काढलं, ओपीडीला फोन केला, दुपारी दोघं जाऊन आले. ओपीडी घरापासून वीस मिनिटांवर आहे.