नागपूरहून परदेशी क्लबात खेळू पाहणाऱ्या गोलकीपरसाठी

गोलकीपरची जागा संघात एकच. ती महिनोन्‌महिने हलत नाही आणि पहिला किपर जखमी झाला की चार दिवसांत भरावी लागते. जर्मनीच्या लुट्झ फानेनस्टील या गोलकीपरने फिफाच्या सहाही खंडीय महासंघांत व्यावसायिक फुटबॉल खेळलं. आपला गुरप्रीत सिंग संधू 2014 मध्ये नॉर्वेच्या स्टाबेक क्लबात गेला. अशी संधी आली की कागद हाताशी लागतात.

दहावी पास नसाल तर साधारणपणे पासपोर्टवर ईसीआर (परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी लागेल असा) शिक्का बसतो. मग कतार, मलेशिया, थायलंड अशा देशांत नोकरीला जायला वेगळी परवानगी काढावी लागते. तेव्हा दहावीचं प्रमाणपत्र आधीच शोधून ठेवा. अठरा वर्षांखालच्यांची आंतरराष्ट्रीय बदली, मोजके अपवाद सोडले तर, होतच नाही.

व्हिडिओत नुसत्या झेपा नकोत. दोन-तीन पूर्ण सामने द्या, खाल्लेल्या गोलांसकट. गोल होताना तुम्ही कुठे उभे होता, हे प्रशिक्षकाला बघायचं असतं. कॅमेरा उंचावर हवा, पूर्ण पेनल्टी बॉक्स दिसला पाहिजे.

सगळ्यात जास्त फसगत चेंडूच्या टप्प्यावर होते. उन्हाळ्यात आपल्याकडची मैदानं दगडासारखी कडक, चेंडू टप्पा पडून छातीपर्यंत येतो, म्हणून किपर उभ्यानेच वाट पाहतो. तिकडच्या ओल्या गवतावर तोच चेंडू घसरत येतो आणि हाताखालून जातो. पावसाळाभर रोज सरावाला उतरा: गुडघा लवकर खाली, बोटं जमिनीला, छाती चेंडूमागे.

करार वाचताना क्लबचं नाव विसरा, अटी बघा. वैद्यकीय चाचणी किंवा वर्क परमिट मिळालं तरच करार लागू, अशी अट फिफाच्या नियमांत बसत नाही. एका हंगामात तीन क्लबांकडे नोंदणी चालते, पण अधिकृत सामने साधारणपणे दोघांकडूनच. नुसतं बाकावर बसणं यात धरत नाहीत, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या किपरसाठी हे फार मोलाचं आहे. बदलीची खिडकी (खेळाडू नोंदवायचा ठरलेला काळ) बंद होण्याआधी तुमचा जुना करार संपलेला असेल, तर नंतरही नोंदणी होऊ शकते. मात्र तिथल्या देशाच्या फुटबॉल संघटनेने मानलं पाहिजे.

दोन महिन्यांचा पगार थकला तर लेखी नोटीस द्या, किमान 15 दिवसांची मुदत द्या, मगच करार मोडा. रागाच्या भरात सामान बांधून निघालात तर दोष तुमच्यावर येतो आणि भरपाईही मागितली जाऊ शकते.

निवड चाचणीसाठी आगाऊ पैसे मागणाऱ्या एजंटाला सरळ नाही म्हणा. परवाना फिफाच्या संकेतस्थळावर तपासा, आणि क्लबचं निमंत्रणपत्र थेट क्लबच्या पत्त्यावरून मागवा.