खडूने घर आखा, नियम दाखवा

घरांचे आराखडे काढणं हे माझं रोजचं काम. कागदावर खोली नेहमी पुरेशी दिसते. तीच रस्त्यावर खऱ्या मापात आखली की किती अपुरी आहे ते पायांना कळतं. म्हणून घराच्या प्रश्नावर रस्त्यात चित्र काढायचं असेल, तर रंगाच्या डब्याआधी घरबांधणीची नियमावली उघडा.

त्यातलं आकडा असलेलं एकच कलम निवडा. आकड्यातच खरी ताकद असते. न्यूयॉर्कमध्ये साडेतीन फूट किंवा त्याहून उंच तंबूवर कारवाई होत असे. कलाकार मायकल राकोविट्झ यांनी बेघर माणसासाठी त्याहून बुटका, इमारतीतून बाहेर पडणाऱ्या उबदार हवेवर फुगणारा निवारा बनवला. २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत ‘रिबार’ या गटाने पार्किंग मीटरचे पैसे भरले आणि गाडीच्या जागेत हिरवळ, बाक आणि झाड मांडून दोन तासांची बाग केली. दोन्हीकडे कलाकारांनी नियम बारकाईने वाचला होता.

आता आखणी. मोजपट्टी, दोरी आणि जाड खडू एवढंच घ्या, ऑइलपेंट नको. खडू पावसाने धुऊन जातो, तरी परवानगी लागते का ते आधी विचारा. काटकोनासाठी दोरीचा ३, ४ आणि ५ मीटर बाजूंचा त्रिकोण करा. नियमातली किमान खोली एकास एक मापात आखा. मग आत दोन मीटर बाय नव्वद सेंटिमीटरचा पलंग, कपाट, शेगडीचा ओटा. दार उघडताना त्याचं पान कुठवर येतं ती गोलाकार रेघ जरूर काढा, कारण बहुतेक खोल्या तिथेच अडतात. बाजूला कलम क्रमांक आणि त्यातले शब्द जसेच्या तसे लिहा. घोषणा लिहू नका. चाकाची खुर्ची आणि पाळणागाडी जाईल एवढी वाट मोकळी ठेवा.

जागा ठरवताना मात्र घाई नको. तिथे कोणी राहत असेल तर आधी त्यांना विचारा. तुमच्या चित्रामुळे अधिकाऱ्यांचं लक्ष वेधलं गेलं तर तुम्ही घरी जाल आणि त्यांचं बिऱ्हाड उचललं जाईल. ते नको म्हणाले तर दुसरी जागा शोधा, त्यांचे फोटोही काढू नका. हो म्हणाले तर माप त्यांच्याकडूनच घ्या: निजायला किती लागतं, सामान कुठे राहतं.

आखून झाल्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना आत बोलवा. चौघांना एकदम उभं करा आणि दार लावायला सांगा. त्यांचं म्हणणं लिहून घ्या. नियमावर हरकती मागवल्या जातील तेव्हा तेच, वरून काढलेल्या फोटोसह, जोडा.