मुक्त डिस्ट्रोची मदतपुस्तिका लिहिताय? या चुका टाळा

ट्रिस्केल, पॅराबोला, गीक्स अशा पूर्णपणे मुक्त डिस्ट्रोसाठी (म्हणजे कुणालाही वापरता, बदलता, वाटता येईल अशाच सॉफ्टवेअरच्या बनलेल्या लिनक्स सिस्टीमसाठी) लिहायला बसलेला नवा लेखक बहुधा पहिल्यांदा घाबरूनच चुकतो. 'विंडोज' हे नाव दिसलं की खोडतो. मग ड्युअल बूटचं, म्हणजे एकाच मशीनवर दोन सिस्टीम ठेवण्याचं, पान वाचून कुणाला काही कळत नाही. नाव घेण्यावर बंदी नाहीच. मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पाचे नियम स्पष्ट आहेत: सर्वांना माहीत असलेल्या प्रोप्रायटरी (म्हणजे अमुक्त, मालकीच्या) सॉफ्टवेअरचा ओघात उल्लेख चालतो. आधीपासून विंडोज असलेल्या मशीनवर मुक्त सिस्टीम कशी टाकावी, तिथल्या फाइल्स इकडून कशा उघडाव्यात, हे बिनधास्त लिहा. मुक्त सिस्टीमवर प्रोप्रायटरी प्रोग्रॅम कसा चढवायचा किंवा त्याने काय सोय होईल, हे मात्र लिहायचं नाही.

खरी गडबड होते ती वायफायच्या पानावर. ट्रिस्केल हे उबंटू या दुसऱ्या डिस्ट्रोवर बेतलेलं, म्हणून उबंटूची सूचना जशीच्या तशी चिकटवली जाते: अमुक फर्मवेअर (कार्डाला चालवणारं सॉफ्टवेअर) पॅकेज टाका, रीबूट करा. ते फर्मवेअर अमुक्त असल्याने ट्रिस्केलच्या भांडारात (जिथून पॅकेजेस उतरतात तिथे) ते पॅकेजच नसतं. वाचक एरर घेऊन परत येतो आणि कुणीतरी भला माणूस त्याला बाहेरचं भांडार जोडायला सांगतो. इथे आधी लक्षण लिहा. लिनक्स-लिब्रे, म्हणजे अमुक्त भाग काढलेल्या लिनक्स कर्नलच्या नोंदींत 'मिसिंग फ्री फर्मवेअर' अशी ओळ येते आणि फाइलचं नाव मुद्दाम झाकलेलं असतं. याचा अर्थ त्या कार्डासाठी मुक्त फर्मवेअर नाही. इन्स्टॉलेशन बिघडलेलं नाही. एवढं एक वाक्य पानावर असलं तरी वाचकाचे तासन्‌तास वाचतात. मग उपाय: एआर९२७१ चिपचं यूएसबी वायफाय अडॅप्टर घ्या, त्याचं फर्मवेअर मुक्त आहे. खर्च होतो, ते लपवू नका.

डेबियन या आणखी एका डिस्ट्रोची पानं उचलतानाही जपून. डेबियनच्या विकासकांच्या २०२२च्या मतदानानंतर, २०२३मध्ये आलेल्या डेबियन १२च्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये अमुक्त फर्मवेअरही येतं. त्यांच्या पुस्तिकेत ते असणं रास्तच, तुमच्या पुस्तिकेत नाही. उचललेल्या मजकुरात 'रिस्ट्रिक्टेड', 'मल्टिव्हर्स', 'नॉन-फ्री' हे शब्द (उबंटू-डेबियनच्या भांडारांतल्या अमुक्त विभागांची नावं) एकदा शोधून बघा. निम्मी घाण तिथेच सापडते.

इशाऱ्याच्या नावाखाली जाहिरात हा प्रकार तर फारच बोकाळलाय. 'हे वापरू नका, पण लागलंच तर इथून घ्या' यातला 'पण'च्या पुढचा भाग काढा. 'गिंप (चित्रं संपादित करायचा मुक्त प्रोग्रॅम) म्हणजे फोटोशॉपची गरीब आवृत्ती' छापाची वाक्यंही नकोत. गिंपमध्ये लेयर मास्क कसा लावायचा ते सांगा.

मराठी पुस्तिकांत एक खास चूक दिसते: मजकूर नीट दिसत नसेल तर विंडोजमधून मंगल फॉन्ट आणा. मंगल मायक्रोसॉफ्टचा, प्रोप्रायटरी. लोहित देवनागरी मुक्त परवान्याखाली आहे, तो सुचवा. आलेली फाइल मंगलमध्ये असेल तर लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस संचाच्या फॉन्ट बदलण्याच्या तक्त्यात मंगलऐवजी लोहित नेमता येतो. इथे मंगलचं नाव घ्यावंच लागतं, आणि ते बिलकूल चालतं.