भूल घेतल्यानंतर दिवस गेल्याचे कळले? या चुका टाळा

दाढ काढली, अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले किंवा पोटाची दुर्बिणीतून तपासणी करताना गुंगीचे इंजेक्शन दिले गेले आणि पंधरवड्याने पाळी चुकल्याचे लक्षात आले, की बाईच्या जिवाला घोर लागतो. या भीतीपोटी होणारी सर्वांत वाईट चूक म्हणजे कोणालाही न विचारता मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या आणून घेणे. आज नेहमी वापरल्या जाणाऱ्या भुलीच्या औषधांमुळे, ती योग्य मात्रेत दिली असता, माणसाच्या गर्भात व्यंग निर्माण होते असे आढळलेले नाही. केवळ भूल घेतली एवढ्यासाठी गर्भ पाडण्याचे कारण नसते. उलट गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनळीत राहिलेला असला, तर अशा परस्पर घेतलेल्या गोळ्यांनी तो पडत नाही आणि दुखणे जिवावर बेतू शकते.

दुसरी चूक हिशेबाची आहे. आपल्या खान्देशात पाळीची तारीख अनेकींना सणावरून आठवते, ‘कानबाईच्या रोटांच्या दोन दिवस आधी’ अशी. तशी आठवली तरी हरकत नाही, मात्र कॅलेंडर पाहून ती लिहून ठेवावी. डॉक्टर आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, गर्भधारणा मात्र साधारण दोन आठवड्यांनी होते. म्हणून २८ दिवसांची नियमित पाळी असलेल्या बाईला विसाव्या दिवशी भूल दिली असेल, तर त्या वेळी गर्भ बहुधा गर्भाशयात रुजलेलाही नसतो. त्या दिवसांत मोठी इजा झालीच तर गर्भ टिकत नाही, आणि टिकला तर सहसा नीट वाढतो. अवयव घडण्याचा नाजूक काळ त्यानंतरचा, साधारण पाचव्या ते दहाव्या आठवड्यांचा असतो.

मला सर्वाधिक खटकते ती गोष्ट अशी, की भुलीच्या काळजीत खरी चौकशी राहून जाते. डिस्चार्ज कार्ड काढून वाचा. त्यावर ‘एल.ए.’ असेल तर तेवढीच जागा बधिर केली होती, ‘एस.ए.’ म्हणजे कमरेजवळ मणक्यात इंजेक्शन देऊन खालचे अंग बधिर केले होते, ‘जी.ए.’ म्हणजे पूर्ण भूल. त्याखाली घरी घ्यायच्या गोळ्यांची नावे असतात. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके, डॉक्सिसायक्लिन, शिवाय आधीपासून चालू असलेले मुरमांवरचे आयसोट्रेटिनॉइन किंवा फिट्ससाठीचे व्हॅल्प्रोएट यांविषयी आधी विचारा. फिट्सची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. पोटाचे सीटी स्कॅन झाले असल्यास तेही सांगा. कार्ड हरवले असेल तर नोंदींची प्रत मागा. मागणीनंतर ७२ तासांत ती देणे डॉक्टरांवर नियमाने बंधनकारक आहे.

हे सारे कागद घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे, फॉलिक ॲसिडची रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करावी आणि १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नये.

कापसाची वेचणी आटोपेपर्यंत ऑपरेशन लांबवलेल्या आणि मग घाईने दाखल झालेल्या बायांसाठी आणखी एक सांगणे आहे. भूलतज्ज्ञ पाळीची तारीख विचारतात, तेव्हा सासूबाईंसमोर संकोच वाटत असेल तर एकांतात बोलायचे आहे असे सांगा. पाळी चुकण्याआधी केलेली लघवीची तपासणी ‘नाही’ दाखवू शकते, म्हणून दिवस गेले असण्याची थोडी जरी शक्यता वाटत असली, तरी ती भूल देण्याआधीच त्यांच्या कानावर घाला.