जुना पीसी घ्या आणि ऑफिससाठी प्रिंट सर्व्हर बनवा

पाच-सात जणांचं ऑफिस, एकच यूएसबीवाला लेझर प्रिंटर, आणि प्रिंट हवी असली की पेनड्राइव्ह घेऊन प्रिंटरवाल्याच्या टेबलाशी जायचं, "जरा उठतोस का दोन मिनिटं" म्हणायचं. हे बंद करायला नवीन काही घ्यावं लागत नाही, कोपऱ्यात पडलेला जुना पीसी प्रिंट सर्व्हर म्हणून चालतो, म्हणजे प्रिंटर त्याला जोडायचा आणि बाकीच्यांनी आपापल्या मशीनवरून त्याच्यामार्फत प्रिंट काढायची. विंडोज १० किंवा ११ असलं म्हणजे झालं. होम एडिशनही चालते, फक्त एका वेळी जास्तीत जास्त २० मशीन जोडता येतात, छोट्या ऑफिसला ते भरपूर झालं.

आधी एक बघून घ्या, प्रिंटरच्या मागे लॅनचं (नेटवर्कच्या वायरचं) पोर्ट आहे का. असेल तर वायर थेट राउटरला लावा, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) फिक्स करा, पुढचं वाचायची गरजच नाही. पोर्ट नसेल तर कोणीतरी सांगेल की राउटरच्या यूएसबीला लाव किंवा रास्पबेरी पाय (छोटासा स्वस्त संगणक) घे. चांगल्या गोष्टी आहेत, पण स्वस्तातले बरेच लेझर स्वतः काही करत नाहीत, सगळं काम पीसीवरच्या ड्रायव्हरकडून (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून) करून घेतात. आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० घ्या, त्याचा कंपनीचा लिनक्स (पायवर चालणारी सिस्टीम) ड्रायव्हर फक्त इंटेल-एएमडी टाइपच्या मशीनसाठी आहे, रास्पबेरी पायवर तो चालतच नाही. म्हणून अशा प्रिंटरला विंडोजच बरं.

पीसी कुठला घ्यायचा? सकाळी पहिल्यांदा चालू होतो आणि शेवटी बंद होतो तो. साहेबांचा लॅपटॉप अजिबात नको, साहेब मीटिंगला गेले की प्रिंटर पण गेला. पीसीला वायफाय नको, लॅनची वायर लावा. पॉवर सेटिंगमध्ये जाऊन स्लीप "नेव्हर" करा, स्क्रीन बंद झाली तरी चालेल, मशीन झोपायला नको. आणि पीसी यूपीएसवर ठेवा पण लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका, आतला हीटर तापताना एकदम करंट खेचतो, यूपीएस बोंबलायला लागतो किंवा सरळ बंद पडतो आणि सोबत पीसीही जातो.

आता आयपी. "कालपर्यंत चालू होता, आज ऑफलाइन दाखवतोय" यातल्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथे असतं. राउटर रीस्टार्ट झाला की पीसीला वेगळा पत्ता देऊ शकतो आणि बाकीची मशीन जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतात. ब्राउझरमध्ये राउटरच्या पेजवर जा (जिओफायबरला बहुतेक १९२.१६८.२९.१, इतरांना १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१), तिथे डीएचसीपी रिझर्वेशन किंवा तसंच काहीतरी नाव असेल, त्यात या पीसीचा मॅक अॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) टाकून एक पत्ता कायमचा बांधून द्या. पुढे उदाहरणासाठी १९२.१६८.१.५० धरतो. पीसीचं नावही बदलून प्रिंट-पीसी असं सुटसुटीत ठेवा, विंडोजने दिलेलं ते डेस्कटॉप-अमुकतमुक कोणाच्या लक्षात राहत नाही.

मग प्रिंटर जोडा, ड्रायव्हर टाका, टेस्ट पेज काढा, आणि पेपर साइझ ए४ आहे ना ते बघा, कारण कधीकधी ती लेटर असते आणि मग पानाच्या खालच्या ओळी कापल्या जातात. इथे प्रिंट नीट येत नसेल तर नेटवर्कवर पण येणार नाही, त्यामुळे घाई करून पुढे जाऊ नका.

शेअरिंगच्या आधी त्या पीसीवर "प्रिंट" नावाचा साधा लोकल युझर बनवा, पासवर्डसकट, अॅडमिन नको. हे लोक टाळतात आणि तिथेच अडकतात. पीसीला रोज चार आकडी पिनने लॉगिन करतात, दुसऱ्या मशीनने पासवर्ड विचारला की तोच पिन टाकतात आणि तो काही केल्या घेत नाही. पिन फक्त त्या मशीनपुरता असतो, नेटवर्कवर खरा पासवर्डच लागतो. नेटवर्क प्रोफाइल "प्रायव्हेट" करा, फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करा. मग प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंगचा टॅब, "शेअर धिस प्रिंटर"वर टिक, आणि शेअरचं नाव छोटं, स्पेस न देता, लेझर वगैरे.

आता बाकीच्या मशीनवर. विंडोज आणि आर दाबा, \\१९२.१६८.१.५० टाका, युझरच्या जागी प्रिंट-पीसी\प्रिंट (नावं पीसीवर जशी टाईप केलीत तशीच), पासवर्ड टाकून "रिमेंबर"वर टिक करा. प्रिंटर दिसला की राइट क्लिक, कनेक्ट. इथे अॅडमिन पासवर्ड मागेल, २०२१ मध्ये प्रिंटनाइटमेअर नावाचं विंडोजच्या सुरक्षेतलं भोक सापडल्यापासून मायक्रोसॉफ्टने साध्या युझरला ड्रायव्हर टाकणं बंद केलंय, तर अॅडमिनवाला माणूस जवळ असू द्या.

नंबरच्या शेवटी ११बी असलेली एरर आली तर ती त्याच वर्षीच्या सप्टेंबरच्या अपडेटपासूनची प्रसिद्ध डोकेदुखी. नेटवर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग जिथे असतात तिथे) एक बदल करायला सांगतात, पण त्याने सुरक्षाच कमी होते. त्याऐवजी दोन्ही मशीन अपडेट करा, तरी नाही झालं तर ड्रायव्हर त्या मशीनवर आधी टाका आणि अॅड प्रिंटरमध्ये "लोकल पोर्ट" निवडून पोर्टच्या नावात \\प्रिंट-पीसी\लेझर लिहा, बहुतेक वेळा काम होतं.

एक काम मात्र अधूनमधून करावंच लागेल. कोणीतरी मोठी पीडीएफ पाठवणार, ती अडकणार, मागे रांग लागणार आणि कॅन्सल केलं तरी "डिलीटिंग" दाखवत तशीच बसणार. प्रिंट-पीसीवर सर्व्हिसेस उघडून प्रिंट स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारी सर्व्हिस) थांबवा, सी ड्राइव्हच्या विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरच्या आतल्या फाइल उडवा (फोल्डर नाही, फक्त फाइल), स्पूलर परत चालू करा. रांगेतल्या सगळ्यांच्याच प्रिंट जातात, त्यामुळे आधी ऑफिसात ओरडून सांगा की परत पाठवा म्हणून.