रविवारच्या सायकल वर्गाची तयारी

गणपती आणि शिवजयंती सोडली, तर गावातल्या तरुण मंडळाच्या खोलीत वर्षभर ढोल, मांडवाचे बांबू आणि सतरंज्या पडून असतात. तीच खोली दर रविवारी दोन तास उघडायची आणि पोरांच्या हातात पाना द्यायचा, असं ज्यांनी ठरवलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. सुरुवात सायकलीपासूनच करा. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, आणि कितीतरी घरांत ती सायकल पंक्चर होऊन गोठ्याला टेकलेली असते. दुकान तालुक्याला, तिथवर न्यायला कुणाला सवड नाही, आणि मुलगी पुन्हा पायी शाळेला.

म्हणून आदल्या रविवारी गावात एक फेरी मारा आणि पाच बिघडलेल्या सायकली ठरवून ठेवा. घरच्यांना स्पष्ट सांगा की दुरुस्ती मुलं करणार आहेत, वेळ लागेल. एका सायकलीमागे तीन मुलं, म्हणजे पंधराच जण घ्या. जास्त आली तर पुढच्या रविवारी बोलवा, पण गर्दी करू नका. चौथ्याच्या वाट्याला नुसतं बघणं येतं. मुलींच्या घरी स्वतः जाऊन सांगा, वर्ग उजेडातच संपवा, आणि गावातली एखादी ताई पूर्ण वेळ तिथे थांबेल अशी सोय आधी करा. हे राहिलं तर मुली येणार नाहीत, आणि सायकली तर त्यांच्याच आहेत.

सामान फार नाही. पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, हातोडी, टायर काढायच्या पट्ट्या, हातपंप, पॉलिश पेपर, सोल्युशनच्या ट्यूब, ठिगळांसाठी जुनी ट्यूब, कात्री, ग्रीस, वालट्यूब (हवा भरायच्या वॉल्व्हवरची बारीक रबरी नळी), चिंध्या. पाण्याला घमेलं नको, मोठी परात घ्या. तिच्यात बुडबुडा कुठून येतो ते तिघांनाही दिसतं. छर्रे ठेवायला वाट्या हव्यातच. मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे आसाभोवतीच्या मधल्या भागात, साधारणपणे एका बाजूला नऊ छर्रे असतात. एक जरी मातीत हरवला तरी वर्ग शोधण्यातच संपतो. मोजून वाटीत टाकायची सवय पहिल्याच दिवशी लावा. एक स्टीलची पट्टीही ठेवा. नव्या साखळीच्या 24 कड्या ताणून मोजल्या की बरोबर 12 इंच भरतात. त्यापेक्षा 1/16 इंच जास्त भरल्या तर साखळी बदलायला झाली. अपूर्णांक कशाला शिकायचे, असं विचारणाऱ्या मुलाच्या हातात ही पट्टी द्या.

पंक्चरला घाई चालत नाही, हे आधी स्वतः करून बघा. भोक सापडलं की खूण करायची, ट्यूब कोरडी करायची, पॉलिश पेपरने घासून चमक घालवायची, सोल्युशनचा पातळ हात फिरवायचा आणि थांबायचं. बोट लावलं तर चिकटेल पण बोटाला ओलं लागणार नाही, इतकं सुकलं की मगच ठिगळ. आमच्या पहिल्या वर्गात ओल्यावरच चिकटवलेली तिन्ही ठिगळं घरी पोचेपर्यंत सुटली. ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून सावकाश बोट फिरवायचं. बाभळीचा काटा तिथेच अडकलेला असतो. तो राहिला तर नवं भोक ठरलेलं.

तुम्ही स्वतः काय करणार, हेही ठरवून या. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात, जो डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 साली सुरू केला, शिकणारी मुलं खरंखुरं काम करतात आणि ते गावाच्या उपयोगी पडतं. आपल्या खोलीतही हाच नियम असू द्या. मुलगा टायरशी झटतोय हे बघून मोठ्या माणसाचा हात आपोआप पुढे जातो. जाऊ देऊ नका. मी एकदा हात घातला, सायकल पाच मिनिटांत झाली, आणि तो मुलगा पुन्हा आला नाही. याची मला अजून रुखरुख आहे. हत्यार घसरून बोट चिमटेल तेव्हा मात्र लगेच धावा. पट्टी, कापूस आणि जंतुनाशक दाराजवळच ठेवा.

ब्रेक तपासल्याशिवाय एकही सायकल बाहेर सोडायची नाही. तो एका टीमने दुसऱ्या टीमचा तपासावा आणि वहीत नावानिशी लिहावा. त्या वहीत तारीख, बिघाड, वापरलेलं सामान आणि खर्च एवढंच पुरे. सामानाचे पैसे मालकाकडून घ्या, मजुरीचे नको.

हत्यारांच्या पेटीची किल्ली मुलांपैकी दोघांकडे द्या, त्यात एक मुलगी असू द्या. हातपंप तेवढा पेटीत बंद करू नका. मंडळाच्या ओट्यावर साखळीने बांधून ठेवा. सोमवारी सकाळी शाळेला निघालेल्यांना तो लागतो.