सच्छिद्र काचेच्या भुकटीला मॅग्नेटिक स्टिरर लावू नका

सीपीजीवर (ठरावीक आकाराची छिद्रं असलेल्या काचेच्या भुकटीवर) लिंकर (जोडणारा रेणू) किंवा प्रथिन जोडून झालं, कॉलम (भुकटी भरायची नळी) भरला आणि आता द्रव थेंबथेंबच उतरतोय? बहुतेक वेळा दोष रसायनांचा नसतो, ढवळण्याचा असतो. फिरणारा बार तळाशी दाणे जात्यासारखे दळतो आणि ते पीठ फ्रिटमध्ये, म्हणजे कॉलमच्या गाळणीत, जाऊन बसतं.

१. बार काढा. बाटली शेकरवर किंवा रोटेटरवर ठेवा. दाणे जेमतेम हलते राहिले तरी पुरे.

२. प्रथिन जोडायचं असेल तर ते घालण्याआधी भुकटी नुसत्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) भिजवून थोडा व्हॅक्यूम द्या. बारीक बुडबुडे वर येतात. ते थांबले की छिद्रांतली हवा गेली. ही पायरी बरेच जण गाळतात. पण काचेचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग छिद्रांच्या आतच असतो, हवा अडकली तर तिथे काहीच पोचत नाही.

३. कॉलम भरण्याआधी हलवा, दाणे बसू द्या, वरचा दुधाळ द्रव ओतून टाका. नितळ दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा.

पीएच ८ च्या वरच्या बफरमध्ये भुकटी रात्रभर ठेवू नका. काच हळूहळू विरघळते आणि जोडलेलं प्रथिनही सुटतं.